स्वधर्म कसा ओळखायचा : सुहासला पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नोकरी सुरळीत, मुलगी अकरावीला, आई तुझ्याकडेच, आणि तरी रात्री 'हे सगळं कशासाठी' या प्रश्नाने झोप लागत नाही. हिशेबतपासणीची नोकरी सोडून कुठल्यातरी निवासी शाळेत शिकवायला जावं, असं मनात घोळतंय, असंही लिहिलंस. शेवटी विचारलंस, 'माझा धर्म कोणता, हे ओळखायची काही रीत आहे का?' रीत आहे, आणि वाटते त्यापेक्षा बरीच तपशीलवार आहे. म्हणून पत्र लांबणार.

आधी प्रश्न जरा नीट मांडू. 'मला आयुष्यात काय करायचंय?' हा इच्छेचा प्रश्न झाला. इच्छा वाईट नाही. चार पुरुषार्थांत अर्थालाही जागा आहे, कामालाही. पण धर्माचा प्रश्न वेगळा आहे. आज मी जिथे उभा आहे तिथे माझ्या वाट्याचं असं काय आहे, जे मी केलं नाही तर कोणाचं तरी अडेल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मन रोज नवं देतं. दुसऱ्याचं उत्तर शोधायला आजूबाजूला बघावं लागतं, आणि ते बरंचसं कागदावर उतरवता येतं. तेव्हा एक वही घे.

पहिली पानं ऋणांची. माणूस ऋण घेऊनच जन्माला येतो, हा विचार फार जुना. तैत्तिरीय संहितेत ऋषी, देव आणि पितर अशी तीन ऋणं आहेत, शतपथ ब्राह्मणात चौथं मनुष्यऋण येतं. चार मथळे घाल आणि प्रत्येकाखाली लिही. ऋषिऋणात जे ज्ञान तुला कोणीतरी दिलं आणि जे पुढे देणं लागतोस ते. पितृऋणात आई, मुलगी, घर. देवऋण मी आजच्या भाषेत हवा, पाणी, माती यांचं देणं म्हणून वाचतो. मनुष्यऋणात ज्यांची नावंही ठाऊक नाहीत, पण ज्यांच्या श्रमांवर आपला दिवस चालतो, ती माणसं. नियम एकच : प्रत्येक ओळीत माणूस, कृती आणि वेळ आली पाहिजे. 'आईची काळजी घेणे' ही ओळ चालणार नाही. 'आईच्या डोळ्यांची तपासणी, दर सहा महिन्यांनी, सोबत मी' ही चालेल. मोघम लिहिलेलं कर्तव्य मनावर ओझं म्हणून बसतं आणि हातून होत मात्र काहीच नाही. नेमकं लिहिलेलं बहुधा तासा-दोन तासांचं निघतं.

यादी झाली की प्रत्येक ओळीपुढे एक खूण कर : हे फक्त मीच करू शकतो, की दुसरं कोणीही करू शकेल? इथे दोन प्रकारची माणसं फसतात. एकाला यादी बघूनच धाप लागते आणि तो म्हणतो, मला स्वतःचं आयुष्यच नाही. दुसरा जबाबदाऱ्यांच्या आड लपतो. ज्या कामाची त्याला भीती वाटते ते टाळायला घरची कारणं त्याला नेहमी हाताशी मिळतात. खुणा प्रामाणिकपणे केल्या तर दोघांचंही पितळ उघडं पडतं.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. स्वधर्म शोधत हिंडावं लागत नाही, तो आपल्याला सहजच प्राप्त झालेला असतो, असा त्यांचा रोख होता. ऋणांपुरतं ते शंभर टक्के खरं आहे. आईबापांची सेवा हा धर्म कोणाला शोधावा लागत नाही. पण आपल्या वृत्तीचा कल कुठे आहे हे मात्र निरखावंच लागतं, कारण त्याबाबत माणूस स्वतःला सर्रास फसवतो. वहीचा दुसरा भाग त्यासाठी.

गीता तिसऱ्या अध्यायात सांगते की ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो. ही प्रकृती आवडीनिवडीवरून कळत नाही, वागण्यावरून कळते. सहा आठवडे रोज रात्री दहा मिनिटं काढून तीनच ओळी लिही. आज कोणी न सांगता मी काय केलं? कंटाळा आल्यावरही काय सोडलं नाही? लोक माझ्याकडे कशासाठी आले? 'आज काय आवडलं' हे लिहायचंच नाही. तिसऱ्या ओळीला सर्वांत जास्त वजन दे, कारण पहिल्या दोन ओळींत अहंकार सहज शिरतो, तर लोक मात्र आपल्या गरजेपोटी येतात. आणि सहा आठवडे पुरे होईपर्यंत मागची पानं उलटू नकोस. मध्येच वाचलं की पुढचं लिखाण आपण त्याच साच्यात घालू लागतो.

मग सगळं एका बैठकीत वाच आणि फक्त क्रियापदं वेगळी काढ. हे महत्त्वाचं आहे, सुहास. शिक्षक, लेखक, समाजसेवक ही पदं आहेत, आणि पदांचा मोह फार लवकर जडतो. तपासणं, जुळवणं, समजावणं, सांभाळणं, उभारणं, यांत स्वभाव दिसतो. तुझ्याच पत्रातलं बघ. सोसायटीच्या हिशेबातला जुना घोळ तू जागरण करून सोडवलास, आणि मग खजिनदाराला समोर बसवून कुठली नोंद कुठे चुकली ते त्याला कळेपर्यंत समजावलंस. हे तू चार ओळींत उरकलं आहेस आणि शाळेच्या स्वप्नाला पूर्ण पान दिलं आहेस. मला त्या चार ओळी अधिक बोलक्या वाटतात. त्यांत दोन क्रियापदं आहेत : चूक हुडकणं आणि ती दुसऱ्याला कळेल अशी उलगडणं. निवासी शाळेत यांतलं दुसरं लागेल. पण तिथे पहाटे मुलांना उठवणं, आजारी पोराच्या उशाशी बसणं, भांडणं सोडवणं हेही लागेल, आणि या गोष्टी तुझ्या वहीत येतात का ते सहा आठवड्यांनी कळेल.

नव्या कामाच्या पहिल्या ओढीवर विश्वास ठेवू नकोस. अठराव्या अध्यायात सुखाचे प्रकार सांगितलेत. सात्त्विक सुख आरंभी विषासारखं आणि परिणामी अमृतासारखं असतं. राजस सुखाचं नेमकं उलटं. शिवाय सात्त्विक सुखात माणूस अभ्यासाने रमतो, म्हणजे पुन्हापुन्हा करूनच त्यात गोडी येते. पहिल्या पंधरवड्यातल्या उत्साहाने म्हणून काहीच सिद्ध होत नाही. मात्र याचा उलटा अर्थही काढू नये. जे काम पहिल्या दिवशी कडू होतं आणि वर्षानुवर्षांनी तितकंच कडू आहे, ते तपश्चर्या म्हणून रेटत राहण्यात काही पुण्य नाही.

आता गीतेतलं 'श्रेयान् स्वधर्मो विगुणः'. दुसऱ्याचा धर्म उत्तम पाळण्यापेक्षा आपला धर्म उणा असला तरी बरा, हे वचन तू उद्धृत केलंस आणि त्याची भीती वाटते म्हणालास. भीती रास्त आहे. शतकानुशतकं हेच वचन लोकांना जन्माच्या जातीत आणि जातीच्या धंद्यात जखडून ठेवायला वापरलं गेलं. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली स्पष्ट मांडलं की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, आणि ती माणसाच्या नैसर्गिक कलावर आधारलेलीही नाही. स्वधर्माबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने हे आधी मान्य केलं पाहिजे. जन्मावरून नेमून दिलेलं काम म्हणजे स्वधर्म, हा अर्थ मी पूर्णपणे नाकारतो. स्वभावाच्या बाजूने वाचलं तर त्या वचनात एक उपयोगाची गोष्ट उरते : दुसऱ्याचं आयुष्य बाहेरून गुळगुळीत दिसतं म्हणून ते उचलू नये. हे वचन अठराव्या अध्यायात जिथे येतं, तिथे पुढच्याच श्लोकात म्हटलंय की सगळ्याच कामांना दोष चिकटलेला असतो, अग्नीला धूर असतो तसा. शाळेच्या कामातला धूर तुला अजून दिसलेला नाही, कारण तू तिथे पाहुणा म्हणून गेला होतास.

महाभारताच्या शांतिपर्वातली जाजली आणि तुलाधाराची कथा तुला खास सांगावीशी वाटते. जाजलीने इतकी निश्चल तपश्चर्या केली की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटं बांधलं, पिल्लं मोठी होऊन उडून गेली, तरी तो हलला नाही. आपल्याला धर्म साधला असं त्याला वाटलं, तेव्हा त्याला वाराणसीच्या तुलाधाराकडे जायला सांगितलं गेलं. हा तुलाधार एक दुकानदार. तो म्हणतो, माझा तराजू सगळ्यांना सारखा आहे. कोणाशी वैर नाही, कोणाची खास मर्जी नाही. वनातला तपस्वी बाजारातल्या वाण्याकडून धर्म शिकतो, आणि तोही वजनमाप करणाऱ्या वाण्याकडून. तुझ्या टेबलावरच्या ताळेबंदाला पारमार्थिक मोल नाही असं तू लिहिलंस, तेव्हा मला हा तुलाधार आठवला. सर्वात्मक ईश्वराची पूजा स्वकर्माच्या फुलांनी होते असं ज्ञानेश्वरीत आहे, आणि सावता माळ्याने मळ्यातल्या कांद्यामुळ्यातच विठाई पाहिली.

याचा अर्थ नोकरी सोडूच नकोस असा नाही. सोडण्याआधी गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या पंचविसाव्या श्लोकाची कसोटी लाव. अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष यांचा विचार न करता मोहाने सुरू केलेलं काम ते तामस, असं तो श्लोक सांगतो. चारही शब्दांचा हिशेब मांडता येतो. अनुबंध म्हणजे पुढे काय काय ओढवेल : दोन वर्षांनी, मुलगी बारावी होऊन बाहेर पडेल तेव्हा, तिच्या शिक्षणाचा खर्च कोण उचलणार? क्षय म्हणजे काय काय झिजेल : किमान एक वर्षाचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते बाजूला आहेत का? पाठीचं दुखणं घेऊन वसतिगृहात राहणं झेपेल का? हिंसा म्हणजे कोणाला इजा होईल, आणि न विचारता परस्पर घेतलेला निर्णय हीसुद्धा इजाच आहे. पत्रात वहिनींचं मत कुठेच आलेलं नाही, ते मला सर्वांत जास्त खटकलं. पौरुष म्हणजे आपली ताकद, आणि ती अंदाजाने कळत नाही. आठवड्याला चार तास, सहा महिने, म्हणजे शंभरेक तास जवळच्या एखाद्या शाळेत काम करून बघ. तेही रटाळ काम मागून घे : वह्या तपासणं, हजेरी, एकाच मुलाला तोच भागाकार दहाव्यांदा. मुलांपुढे भाषण द्यायला सगळ्यांनाच आवडतं.

त्यात आणखी एक गाळणी. उद्या तुझा साहेब बदलला, कामाचे तास दोनाने कमी झाले, तर तरीही शाळेत जावंसं वाटेल का? उत्तर 'नाही' आलं, तर तुला फक्त त्रासातून सुटका हवी आहे. कष्टाच्या भीतीने टाकलेलं काम म्हणजे राजस त्याग, आणि त्याला त्यागाचं फळ मिळत नाही, असं गीता बजावते. अशा वेळी विश्रांती घ्यावी, बदली मागावी, दुसरी कंपनी बघावी. आयुष्याचं ध्येय बदलायची गरज नसते.

एका बाबतीत मात्र यातलं काहीच करत बसू नकोस. सत्य, अहिंसा, अस्तेय हे साधारण धर्म सगळ्यांना सारखेच लागू आहेत आणि कोणाचाही स्वधर्म त्यांच्या वर नाही. खोट्या ताळेबंदावर सही करायला सांगितलं, तर सहा आठवड्यांची वही नको आणि शंभर तासही नकोत. त्या दिवशी सही नाकारायची, आणि नोकरी गेली तर जाऊ द्यायची.

मध्येच आईचं दुखणं निघालं तर काय, असंही विचारलंस. शांतिपर्वात आपद्धर्मावर स्वतंत्र भागच आहे. संकटात नेहमीचे नियम सैल करायला मुभा असते, संकट सरलं की पुन्हा मूळ वाटेवर यायचं असतं. शाळेचे तास थांबव, अपराधी वाटून घेऊ नकोस, फक्त पुन्हा कधी सुरू करायचे ती तारीख वहीत घाल. तारीख न घातलेला आपद्धर्म कायमचा होऊन बसतो. आणि आज जे उत्तर येईल ते जन्मभराचं समजू नकोस. आश्रमव्यवस्थेतही वयाप्रमाणे धर्म बदलतोच. मुलगी मार्गी लागल्यावर ऋणांची पानं पुन्हा लिहावी लागतील.

राजीनाम्याचं पत्र तयार आहे म्हणतोस, ते तूर्त बाजूला ठेव. ऋणांची पानं या रविवारी वहिनींसोबत बसून लिही, एकट्याने नको. सहा आठवड्यांनी क्रियापदांची यादी मला पाठव. तिच्यावर तू स्वतः काही टिप्पणी करू नकोस, नुसती यादी पाठव. सोबत कर्जाचे किती हप्ते उरलेत तेही लिही.

आईंना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद