रोमचं कौतुक करा, पण यादी पूर्ण छापा

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला तेर आणि रोमच्या व्यापारावरचा लेख वाचला, आमच्या जिल्ह्याचं नाव आलं की बरं वाटतंच. पण रोमन फौजेची शिस्त काय, रस्ते काय, सगळं रंगवून लिहिलंय आणि जे हरले त्यांचं काय झालं ह्याची एक ओळ नाही राव.

सीझरचंच घ्या. इ.स.पू. ५७ मध्ये आत्ताच्या बेल्जियमकडं आतुआतुकी नावाची जमात शरण आली, रात्री परत उलटली, तर दुसऱ्या दिवशी ह्यानं सगळं गावच गुत्त्यानं विकून टाकलं. डोकी किती भरली हे त्याला खरेदीदारांनी नंतर सांगितलं, ५३ हजार, आणि हे कुण्या दुश्मनानं नाही, त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय! आपल्याकडं हाळीच्या बाजारात बैल घ्यायचा तरी माणूस दात बघतो, चालवून बघतो.

बरं हे रागाच्या भरात झालं म्हणावं तर तसंही नाही. इ.स.पू. १६७ ला मॅसिडोनियाची लढाई संपलेली होती, तरी रोमच्या सिनेटनं (म्हणजे तिथल्या राज्यकारभार बघणाऱ्या सभेनं) ग्रीसच्या वायव्येकडच्या एपिरस मुलखातली गावं फौजेला लुटायला दिली. आधी लोकांकडून सोनंचांदी बाहेर काढून घेतली, मग ठरल्या वेळी ७० गावांत एकदमच सैनिक घुसवले, दीड लाख माणसं गुलाम. आत्ताच्या फ्रान्समधल्या अलेसियाला तर सीझरनं प्रत्येक सैनिकाला एकेक कैदी वाटून दिला. जेरुसलेमला इ.स. ७० मध्ये कैद्यांची वय बघून निवड, १७ च्या वरचे बेड्या घालून इजिप्तला कामावर नाहीतर आखाड्यात मरायला, खालचे विकायला.

काही गुलाम पुढं सुटून रोमचे नागरिक झाले हे खरंय, कुणी ते सांगेलच. पण ते बहुतेक घरकामावरचे, शिकलेसवरलेले. खाणीत गेलेला कोण कशाला सुटतोय?

आणि एक. लेखात पेरिप्लसमधली (म्हणजे त्या काळच्या ग्रीक भाषेतल्या सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकातली) मालाची यादी दिलीय, पैठणचे गोमेद, तेरचं कापड, भडोच बंदरात उतरणारी दारू. त्याच यादीत भडोचला राजासाठी चांदीच्या भांड्यांच्या शेजारी गाणारी पोरं आणि जनानखान्यासाठी देखण्या मुली पण आहेत, माल म्हणून. तेवढंच नेमकं गाळलंय. जागा कमी पडली असंल तर दुसऱ्या भागात छापा.

आपला,
एक वाचक, कळंब (जि. धाराशिव)