मंगळवार कसा असतो हे सांगणाऱ्या ताईस

प्रिय डॉक्टरताई,

फोनवर आभार मानायला लागले की तू ‘काकू, काहीतरीच काय’ म्हणून विषय बदलतेस. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांत लिहितेय. नाव घालू नका म्हणालीस, घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

गेल्या वर्षी लेकीचा नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला आणि आमच्या घरात माहितीचा नुसता पूर आला. माहिती म्हणजे आकडे. ऑल इंडिया रँक, स्टेट रँक, कॅटेगरी रँक, मागच्या वर्षी कुठल्या राउंडला कट-ऑफ कितीवर थांबला. डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेयर, जातीची व्हॅलिडिटी या दाखल्यांची फाइल मी अंगणवाडीच्या कपाटात कुलपात ठेवली होती, घरी ठेवायची भीती वाटायची. जिल्ह्याच्या गावात एक गृहस्थ पैसे घेऊन कॉलेजांच्या पसंतीचा प्रेफरन्स फॉर्म भरून देतात. त्यांना विचारलं, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात मुली राहतात कशा, दिवस कसा जातो? ते म्हणाले, ‘मॅडम, एमबीबीएस आहे, टाका डोळे झाकून.’ डोळे झाकून मी कधी भाजीसुद्धा घेतलेली नाही.

घरात दोन तट. दीर म्हणत, कॉलेज म्हणजे मोठ्या शहरातलं. जे. जे.चं ग्रँट कॉलेज 1845 चं, केईएमचं जी. एस. 1926 चं, नाव घेतलं की समोरचा मान डोलावतो. खरंच आहे ते, पण मुंबई आमच्या मार्कांत बसतच नव्हती. बसत होतं ते दुसऱ्या एका शहरातलं सरकारी कॉलेज, आणि सेवाग्राम. सेवाग्रामबद्दल आम्हाला ठाऊक काय, तर डॉ. सुशीला नायर यांनी ते 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात काढलं आणि तिथे खादी घालावी लागते. सासूबाई म्हणाल्या, ‘पोरगी डॉक्टर व्हायला चाललीय की सूत कातायला?’ लेक गप्पच होती. पहिली पसंती कोणती टाकायची याची तारीख मात्र जवळ येत होती.

तू आमच्या अंगणवाडीच्या सुपरवायझर बाईंच्या भाचीची रूममेट, सेवाग्रामलाच शिकणारी. इतक्या लांबच्या ओळखीला कोण धरून बसतं? पहिल्या फोनला मी तुला मॅडम म्हणाले, तर तू म्हणालीस, ‘काकू, अहोजाहो नको आणि मॅडम तर नकोच. तुमची मुलगी इकडे आली की तिला मला मॅम म्हणावंच लागेल, तेवढं पुरे.’ तेव्हा मला ते कळलं नव्हतं. मेडिकलला एक वर्ष पुढचा मुलगासुद्धा ‘सर’ असतो, हे आता लेकीच्या तोंडून रोज ऐकते.

मी विचारलं, ‘तिथे कसं आहे?’ तू म्हणालीस, ‘काकू, असं विचारलं की सगळे छान आहे म्हणतात. मी तुम्हाला माझ्या फर्स्ट इयरचा एक मंगळवार सांगते.’

आणि तू मंगळवार सांगितलास. अंघोळीच्या नंबरापासून. सकाळचं लेक्चर, त्यात मागच्या बाकावर झोपणारे कोण आणि पुढे बसून झोपणारे कोण. मग डिसेक्शन हॉल, म्हणजे देहाचं विच्छेदन करून शिकतात ती खोली. एका टेबलाभोवती केवढी तरी मुलं, पहिल्या आठवड्यात देह टिकवायच्या फॉर्मलीनने डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि दुपारी मेसमध्ये पोळी तोडताना बोटांना येणारा तो वास, साबणाने तीनदा हात धुतले तरी. ज्यांनी देह दिला त्यांच्यासमोर आधी सगळ्यांनी शपथ घ्यायची, हेही सांगितलंस. मी भीत भीत म्हणाले, आमचीला रक्त बघून गरगरतं. तू म्हणालीस, ‘चक्कर येणारी येते, बाहेर बसते, पाणी पिते, परत आत जाते. त्याची कुठे नोंद होत नाही.’ त्या एका वाक्याने आमच्या घरातली आठवडाभराची चिंता मिटली.

दुपारी प्रॅक्टिकल. हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे ऊतींच्या अभ्यासाच्या, जर्नलमध्ये सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं दोनच रंगांत काढायची, गुलाबी आणि जांभळ्या. त्यासाठी एकाच पेन्सिलीची दोन टोकं असतात. ती तू कॅमेऱ्यासमोर धरलीस आणि माझी धाकटी लगेच म्हणाली, मलाही मेडिकलला जायचंय. मग संध्याकाळी लायब्ररी, रात्री कुणाच्या तरी खोलीत हाडं मांडून बसणं. ती हाडं सीनियरकडून घ्यायची, नवी घ्यायची नाहीत, हे दोनदा बजावलंस. शिवाय महागातला स्टेथोस्कोप मामाने दिला तरी पहिल्या वर्षी कपाटात ठेवायचा, साध्यावर भागतं. मामाला वाईट वाटलं, पण आमचे पैसे वाचले.

त्याच फोनवर लेक पहिल्यांदा बोलली. तिची भीती वेगळीच होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम. ते सगळे लॅटिन शब्द तोंडात बसतील का? तू तिला म्हणालीस, मान डावीकडे वळव आणि उजवीकडे हात लाव, कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत ताठ दोरी लागते बघ. तिला सापडली. ‘ती स्टर्नोक्लायडोमास्टॉइड. वर कानामागचं मास्टॉइड, खाली स्टर्नम म्हणजे छातीचं हाड आणि क्लॅव्हिकल म्हणजे गळ्याचं. नावातच पत्ता आहे.’ त्या रात्री आमच्या घरातल्या एकूण एक माणसाची मान तपासून झाली. सासूबाईंचीसुद्धा. सूत कातण्याचं त्यांनी नंतर काढलं नाही.

गोड गोड सांगून तू फोन ठेवला असतास तरी आम्ही तुझे आभारच मानले असते. पण दुसऱ्या दिवशी तूच फोन केलास, ‘काल चांगलं चांगलं सांगितलं, आज बाकीचं.’

बाकीचं म्हणजे पार्ट कम्प्लिशन. हाताचा भाग संपला की परीक्षा, पायाचा संपला की परीक्षा, आणि तोंडी परीक्षेत समोर हाड ठेवून विचारतात, उजवं की डावं. जिल्ह्यात पहिली आलेली मुलं तिथे पहिल्यांदा नापास होतात. पास व्हायला पन्नास टक्के लागतात आणि ते पन्नास बारावीच्या नव्वदपेक्षा दूर असतात. थिअरीला पंचाहत्तर टक्के हजेरी, प्रॅक्टिकलला ऐंशी. सणाला चार दिवस जास्त राहिली की ती कुठून तरी कापली जाणार. मला खास सूचना होती: ‘पहिल्या दोन महिन्यांत एकदा तरी ती रडत फोन करेल. काकू, फोन उचला, सगळं ऐका, पण लगेच एसटीत बसू नका.’ ताई, मी बसले नाही. पिशवी भरली होती, पण बसले नाही.

रॅगिंगचं मी घाबरतच विचारलं. तू हसून उडवून लावलं नाहीस की घाबरवलंही नाहीस. कुठल्याही कॉलेजला जा म्हणालीस, प्रवेशाच्या वेळी मुलीचं आणि पालकांचं दोघांचंही हमीपत्र घेतात, ते नुसती सही करायला नसतं, वाचायचं; रॅगिंगविरोधी समितीचे नंबर तिच्या आणि तुमच्या दोघींच्याही फोनमध्ये असू देत. ओळख करून घेणं कुठे संपतं आणि त्रास कुठे सुरू होतो, हे तू लेकीला वेगळं समजावलंस. काय सांगितलंस ते मी विचारलं नाही.

आणि सेवाग्रामचं म्हणून जे वेगळं आहे, ते तर तू तराजूत घालून दिलंस. सुरुवातीचे पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहायचं: पहाटेची प्रार्थना, झाडलोट, श्रमदान, सूतकताई. नंतरही दर शुक्रवारी सर्वधर्म प्रार्थना. खादी रोज. तीही प्रेमाने नाही, व्यवहाराने सांगितलीस. विदर्भाच्या पावसात ती वाळता वाळत नाही, म्हणून जोड जास्त ठेवा. उन्हाळ्यात मात्र वर्ध्याच्या त्या आगीत तिच्यासारखं दुसरं कापड नाही. मांसाहार, दारू, तंबाखू वर्ज्य. आमच्याकडे रविवारी मटण शिजतं. तू स्पष्ट म्हणालीस, ‘पटत असेल तर या. आल्यावर बघू म्हणून येऊ नका.’ पूर्वी या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. आता नीटवरून मुलं येतात, त्यामुळे सगळ्यांना हे ठाऊक असतंच असं नाही, हेही तूच सांगितलंस. वर हेही, की तिथे राहून सगळे गांधीवादी होतात असं काही नाही, निम्म्यांना प्रार्थनेत डुलकी लागते.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते गावाचं बोलणं. पहिल्या वर्षाची अख्खी बॅच एका खेड्यात जाऊन पंधरा दिवस राहते, प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच घरं येतात आणि पुढे ती घरं सुटत नाहीत, अधूनमधून जात राहावं लागतं. आता एनएमसीने, म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशनने, सगळ्याच मेडिकल कॉलेजांना कुटुंबं दत्तक घ्यायला लावली आहेत, पण सेवाग्रामला ही रीत कितीतरी आधीपासूनची. तू सांगत होतीस: पहिल्या भेटीत तू घरच्या बाईला विचारलंस, हात साबणाने धुता का, पाणी झाकून ठेवता का, लेकरांना लसी दिल्या का. ती प्रत्येकाला ‘हो ना बाई’ म्हणत गेली. मुक्कामावर येऊन फॉर्म भरलास तर ते घर आदर्श निघालं.

मी खूप हसले. ते ‘हो ना बाई’ माझ्या ओळखीचं आहे. गृहभेटींत आयुष्य गेलंय माझं. मी म्हणाले, अगं, विचारायचं नसतं. प्यायला पाणी मागायचं. हंड्यात तांब्यासकट बोटं बुडतात की लांब दांड्याचं वगराळं असतं, ते दिसतंच. लसी दिल्या का असं म्हणायचं नाही, कार्ड मागायचं, आणि ती ते कुठून काढते ते बघायचं. देवाच्या फोटोमागून काढलं तर काळजी नको. पत्र्याच्या पेटीत शोधायला लागली तर पुढच्या आठवड्यात परत जायचं. आणि लेकराचं वजन आजीसमोर मोठ्याने वाचायचं नाही, सुनेला महिनाभर ऐकावं लागतं.

तू म्हणालीस, ‘थांबा काकू, लिहून घेते.’ खरंच थांबायला लावलंस, आणि पेन सापडेपर्यंत मी फोन धरून बसले. ताई, अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये नोंद राहिली की मला बोलणारे पुष्कळ आहेत. माझ्या कामातलं काही कुणी लिहून घेतल्याचं मला आठवत नाही. लेक शेजारी बसून ऐकत होती. पहिली पसंती तिने त्या रात्री ठरवली असं माझं मत आहे. ती म्हणते, आधीच ठरवली होती. असू दे.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. शेवटी मी तुला सरळ विचारलं होतं, सेवाग्राम टाकू का वर? तू उत्तर दिलं नाहीस. ‘मला माझं कॉलेज आवडतं, म्हणून मला विचारू नका,’ म्हणालीस आणि त्या दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या तुझ्या मैत्रिणीचा नंबर दिलास. तिनेही तिचा मंगळवार सांगितला. तिथली कॅज्युअल्टी, अपघाताच्या रात्री, एकेका दिवसात दिसणारे पेशंट. ते ऐकून लेक चांगलीच डळमळली होती. पहिल्या राउंडला सेवाग्राम लागलं नाही तेव्हा तर वाटलं, हे बरंच झालं असेल. दुसऱ्याला लागलं, आणि तिने कुणाला न विचारता ती जागा कायम ठेवायचा रिटेन्शन फॉर्म भरला.

आता ती तिथे आहे. तुझं बरंचसं खरं निघालं: वास, झोप, न वाळलेली खादी, पहिल्या पार्टला पन्नासला दोन कमी. एक खरं निघालं नाही, तिला चक्कर आलीच नाही. तिच्या शेजारच्या सहा फुटी मुलाला आली आणि हिने त्याला पाणी दिलं. मी जाऊन आले तेव्हा तिने कस्तुरबा रुग्णालयाच्या ओपीडीची रांग लांबून दाखवली. यवतमाळ, चंद्रपूर, पलीकडे तेलंगणातून आलेली माणसं, डबे, चादरी, फाइली. दीरही सोबत आले होते. खेड्यात पेशंट किती येणार, असं आधी विचारायचे; परत विचारलं नाही.

गावातलं शिबिर झालं तेव्हा तिचा फोन आला. तिच्या वाट्याच्या एका घरात आजी लेकीसुनांना बोलूच देत नव्हत्या. ‘मग काय केलंस?’ ‘पाणी मागितलं.’ ‘मग?’ ‘आजीने चहा टाकला. सून पाणी द्यायला बाहेर आली, तिच्याशी ओट्यावर बोलले.’ कार्ड देवाच्या फोटोमागे होतं म्हणे.

ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि तुला आवडतो तो कारळाचा डबा लेकीबरोबर पाठवतेय. तिच्या खोलीतून तुझ्या खोलीपर्यंत पोचताना किती उरेल याची हमी मी देत नाही, हॉस्टेल तू माझ्याहून जास्त ओळखतेस. तुझी फायनल तोंडावर आली आहे. आधी परीक्षा दे, उत्तर नंतर लिही.

तुझी,
हिंगोलीची काकू