नायट्रिक ऑक्साइडच्या डब्यावर नेमके ग्रॅम कुठे असतात?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

आर्जिनीन, सिट्रुलीन (ही दोन्ही अमिनो आम्लं) आणि अँटिऑक्सिडंट एकत्र असलेलं सप्लिमेंट घेतलं की शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढतं, नसा मोकळ्या होतात, बीपी उतरतं असं आपल्या आरोग्य पुरवणीत छापून आलंय आणि वर "नैसर्गिक, त्यामुळे निर्धोक" हेही, तेवढ्यासाठी हे पत्र.

कल्पना हवेतली नाहीये, ते आधीच सांगतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात एक एन्झाइम असतं, ते आर्जिनीनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि मग वाहिनीचा स्नायू सैल पडतो, याच कामाला 1998 चं नोबेल मिळालंय (फर्चगॉट, इग्नारो, मुराद). पण तोंडाने घेतलेलं आर्जिनीन बरंचसं आतड्यात आणि लिव्हरमध्येच खर्ची पडतं, म्हणून सोबत सिट्रुलीन घालतात, ते लिव्हरला चकवून पुढे निसटतं आणि किडनीत त्याचं परत आर्जिनीन होतं. व्हिटॅमिन सीसारखं अँटिऑक्सिडंट कशाला, तर नायट्रिक ऑक्साइड मुळातच काही सेकंद टिकतो, त्यात सुपरऑक्साइड नावाचा फ्री रॅडिकल त्याला गाठून संपवतो, त्याला आवर घालायला. इथवर सगळं जमतंय.

आता डबा उलटा करून बघा. पुढे मोठ्या अक्षरात "बूस्टर", मागे बारीक अक्षरात सात-आठ नावं एका ओळीत आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एकच वजन! कशात किती ते कळणार कसं? अभ्यासांमध्ये सिट्रुलीन साधारण रोज 3 ते 6 ग्रॅम देतात, मोठ्यातली मोठी कॅप्सूल घेतली तरी त्यात साधारण एक ग्रॅमच्या आसपासच पावडर मावते, मग दिवसाला दोन कॅप्सूल घेतल्या तरी त्यांमध्ये नावापुरतं काय आणि कामापुरतं काय, हिशोब तुम्हीच करा.

आणि निर्धोक म्हणाल तर 2006 मध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 153 पेशंटवरची आर्जिनीनची एक ट्रायल मधेच थांबवावी लागली होती, आर्जिनीनच्या गटात 6 जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. आकडा लहान आहे, योगायोगही असेल, पण अटॅक येऊन गेलेल्या माणसाने हे स्वतःच्या मनाने घ्यावं असं त्यावरून तरी कोणी म्हणणार नाही. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती नायट्रेटची गोळी, सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रा), बीपीच्या गोळ्या यांच्यासोबत घेतलं तर बीपी एकदम खाली जाऊ शकतं, चक्कर येऊन माणूस पडतो. लेखात याबद्दल अवाक्षर नाही. बरं, जास्त अँटिऑक्सिडंट म्हणजे जास्त फायदा असंही नाही, 2009 च्या एका अभ्यासात व्यायामासोबत रोज 1000 मिग्रॅ व्हिटॅमिन सी आणि 400 आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये व्यायामाने इन्सुलिनच्या कामाला मिळणारा फायदाच दिसेनासा झाला. (जिमवाल्यांनो, वाचताय ना?)

माझं म्हणणं एवढंच की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा प्रत्येक घटकाचं प्रमाण आणि कोणी घेऊ नये ते पहिल्या परिच्छेदातच द्या, आणि कंपनीने पाठवलेला मजकूर असेल तर वर ठळक अक्षरात "जाहिरात" असं लिहा.

आपला,
एक नियमित वाचक