1965 च्या इम्पालाला चुकीच्या रेशोचा गिअरबॉक्स दिल्याबद्दल तक्रार

सोलापूर
दि. 9 जून 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: पाच गिअरचा बॉक्स बदलून मिळणे व जळालेल्या क्लचची भरपाई मिळणेबाबत

महोदय,

आपल्याकडून 4 लाख 10 हजार रुपयांना घेतलेल्या बॉक्समध्ये बिघाड नाही, हे आधीच सांगतो. तेल गळत नाही, आवाज नाही, गिअर मऊ पडतात. चुकली आहे ती रेशोची निवड, म्हणजे मागची बाजू एक फेरा फिरायला पुढची बाजू किती फेरे फिरते त्या आकड्याची. ती निवड आपल्या तांत्रिक विभागाने केली आणि माझे पत्र न वाचता केली, अशी माझी तक्रार आहे.

गाडी 1965 ची शेवरोलेट इम्पाला. 283 घनइंचाचे, म्हणजे सुमारे 4.6 लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन. माझ्या वडिलांनी ती 1982 साली मुंबईहून आणली, तेव्हापासून ती आमच्या दारात आहे आणि आजही चालती आहे. ती प्रदर्शनात झाकून ठेवायची गाडी नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा मी ती नवी पेठ, सात रस्ता, होटगी रोड अशी फिरवतो, महिन्यातून एकदा अक्कलकोट किंवा तुळजापूरला नेतो. जुना तीन गिअरचा बॉक्स झिजला होता. शिवाय त्याचा पहिला गिअर चढावर गाडी उचलायला कमी पडायचा. म्हणून तर बॉक्स बदलायचा ठरवला.

6 जानेवारीला ऑर्डर देताना आपल्या फॉर्मवर गाडीचे नाव, साल, इंजिन आणि पत्ता एवढेच रकाने होते. मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागची चाके फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीचा, रेशो विचारलेलाच नव्हता. गिअरबॉक्स निवडायचा आणि मागचा रेशो विचारायचा नाही, हे मला तेव्हाच खटकले, म्हणून सोबत दोन पानी पत्र जोडले. त्यात वजन लिहिले: अक्कलकोट रोडच्या वजनकाट्यावर, मी एकटा बसलेलो असताना, 1,740 किलो. टायरचा एका फेऱ्यातला पल्ला लिहिला: 2.1 मीटर. मागचा रेशो लिहिला: 3.08. हा आकडा पुस्तकातला नाही. एक मागचे चाक जॅकवर उचलले, दुसरे जमिनीवर ठेवले, गिअर न्यूट्रल केला, चाकावर आणि गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या शाफ्टवर खडूने खूण केली. एकच चाक फिरत असले की त्याचे दोन फेरे म्हणजे एक धरायचा. चाक दोन फेरे फिरवल्यावर शाफ्ट तीन फेऱ्यांच्या जरा पुढे गेला. तरी खात्री म्हणून कव्हर उघडून दात मोजले. पिनियनला, म्हणजे लहान चाकाला, 12, क्राऊनला, म्हणजे मोठ्याला, 37. आणि शेवटी स्पष्ट लिहिले होते की मला पहिला गिअर ताकदीचा हवा, वेगाची हौस नाही, गाडी नव्वदच्या वर जात नाही.

यावर आपल्या प्रतिनिधीचा फोन आला, "साहेब, आमच्या तज्ज्ञांनी तुमच्या गाडीसाठी योग्य सेट निवडलाय, काळजी करू नका." मी विश्वास ठेवला. 12 मार्चला बॉक्स आला. बिलावर फक्त "पाच गिअर संच" असे लिहिलेले, रेशोचा एकही आकडा नाही. मार्चअखेर तो बसवला.

शहरात पहिल्याच दिवशी जाणवले की निघताना क्लच फार वेळ धरावा लागतो. नवीन बॉक्स आहे, सवय होईल असे मनाला समजावत राहिलो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आईला घेऊन तुळजापूरला निघालो, गाडीत आम्ही पाच जण. घाटात पुढे मालाचा ट्रक अडकला आणि चढावरच रांग थांबली. दहा-बारा वेळा थांबून निघावे लागले. प्रत्येक वेळी इंजिन रेस करून हाफ क्लचवर गाडी उचलायची, ती जेमतेम सरकायची आणि परत थांबायची. पाचव्या-सहाव्या वेळेला जळका वास आत यायला लागला. आई ऐंशी वर्षांची आहे. तिने पदर नाकाला लावला आणि "गाडी पेटली का रे?" असे विचारले. तिला आणि बायकोला उतरवून रस्त्याच्या कडेला उन्हात उभे करावे लागले. त्या दिवशी दर्शन झाले नाही. तिथूनच परत फिरलो.

बसवल्यापासून 1,100 किलोमीटरमध्ये क्लच प्लेट गेली. बॉक्स खाली उतरवल्यावर मी तो मिस्त्रींच्या टेबलावर ठेवला, पहिला गिअर टाकला आणि मागचा शाफ्ट हाताने दहा फेरे फिरवला. पुढचा शाफ्ट 29 फेऱ्यांना थोडा कमी पडला. म्हणजे पहिला गिअर 2.87. पाचवा तसाच मोजला, 0.68 निघाला. आपल्याच माहितीपत्रकात दुसरा संच आहे: 3.27, 1.98, 1.34, 1.00, 0.72. तो असता तर 33 फेऱ्यांच्या जवळ गेला असता.

मी आयुष्यभर यंत्रमाग चालवले. विणलेले कापड गुंडाळणाऱ्या टेक-अप मोशनचे बदलीचे चाक एका दाताने चुकले तर इंचातले आडवे धागे बदलतात आणि टॉवेलचे अख्खे थान परत येते. दातांचा हिशेब करणाऱ्या माणसाला "जवळजवळ सारखेच आहे" हे उत्तर पटत नाही, म्हणून हिशेब मांडतो.

पहिला गिअर गुणिले मागचा रेशो. आपण दिलेला: 2.87 गुणिले 3.08, म्हणजे 8.8. रस्त्यावर चालवायच्या जड गाडीला हा गुणाकार दहाच्या आसपास तरी लागतो, हे या कामातली माणसे वर्षानुवर्षे धरून चालतात. 3.27 च्या संचाने तो बरोबर 10 च्या वर येतो. चाकावर मिळणारी ताकद 14 टक्क्यांनी वाढते. इंजिन मिनिटाला 600 फेऱ्यांवर आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू, असताना आताची गाडी ताशी साडेआठ किलोमीटरच्या खाली क्लच पूर्ण सोडून चालू शकत नाही, तिथे ती साडेसातला चालली असती. कागदावर एक किलोमीटर. सात रस्त्याच्या गर्दीत किंवा घाटात तोच एक किलोमीटर क्लच वाचवतो.

पाचव्या गिअरचे तर त्याहून वाईट. ताशी 80 ला चाक मिनिटाला 635 फेरे फिरते. 3.08 आणि 0.68 ने गुणले की इंजिन 1,330 वर येते. एवढ्या कमी फेऱ्यांवर पावणेदोन टनांची गाडी ओढताना इंजिन दबते, जरा चढ आला की गाडी गचके देते आणि चौथ्यात यावे लागते. पुणे-हैदराबाद रस्त्यावरसुद्धा मी पाचवा गिअर क्वचित टाकतो. पाच गिअरचे पैसे भरले, वापरतो चारच. 0.72 ने तो 1,400 ला जाईल, फार मोठा फरक नाही, हे मला मान्य आहे. माझी मुख्य गरज पहिल्या गिअरची आहे.

आपल्या 20 मेच्या ईमेलमध्ये दोन मुद्दे आहेत. एक, 3.27 च्या संचात पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना इंजिनाचे फेरे जास्त घसरतात. खरे आहे. 3,000 वर गिअर बदलला तर 2.87 च्या संचात इंजिन 1,975 वर येते, 3.27 च्या संचात 1,815 वर. हा 160 फेऱ्यांचा फरक शर्यतीत महत्त्वाचा. खालच्या फेऱ्यांवर जोर असलेल्या या मोठ्या इंजिनाला तो जाणवतही नाही. दोन, "चालवण्याच्या पद्धतीमुळे" क्लच जळाला, म्हणून तो वॉरंटीत बसत नाही. मी त्रेचाळीस वर्षे हीच गाडी चालवतो आहे. क्लच जास्त वेळ धरावा लागला तो आपण दिलेल्या रेशोमुळे.

2.87 चा संच वाईट आहे असे मी म्हणत नाही. हलक्या गाडीला तो चांगला. माझ्याच गाडीला मागे 3.73 चा क्राऊन-पिनियन असता तर पहिल्याचा गुणाकार 10.7 आला असता आणि 80 ला पाचव्यात इंजिन 1,600 वर राहिले असते, म्हणजे छान जमले असते. पण मग "हा संच घ्यायचा तर मागचे दातही बदला" हे आपण आधी सांगायला हवे होते. साठ वर्षांत कोणी न बदललेले मूळ क्राऊन-पिनियन मी आता काढणार नाही. ते वडिलांनी सांभाळले, मीही सांभाळणार.

तेव्हा आपण आपल्या खर्चाने 3.27 चा संच पाठवावा आणि हा बॉक्स परत न्यावा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि दोनदा उतरवण्या-बसवण्याची मजुरी मिळून 38,000 रुपये द्यावेत. पावत्या, वजनकाट्याची चिठ्ठी आणि माझ्या जानेवारीच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे. नवीन बॉक्सच्या बिलावर पाचही गिअरचे आकडे छापलेले हवेत. शिवाय आपल्या फॉर्मवर मागचा रेशो, टायर आणि वजन असे तीन रकाने वाढवावेत. माझ्यासारख्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या पुढच्या माणसासाठी ही मागणी मी पैशांइतक्याच गांभीर्याने करतो आहे.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, पण मी तेवढे थांबणार नाही. गाडी सध्या जॅकवर उभी आहे, आणि आईचे तुळजापूरचे दर्शन राहिले आहे.

आपला ग्राहक,
(सही)