सेबूच्या नानायला

प्रिय नानाय,

सप्रेम सलाम.

हे पत्र तुला वाचता येणार नाही, हे मला माहीत आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर चष्मा शोधून, बोट ठेवून का होईना, तू ते वाचून काढलं असतंस. पण इंग्रजीत माझं ‘थँक यू’ होतं, आणि ते मी विमानतळावर बॅग तपासणाऱ्यालाही म्हणून आले. तुला तेवढ्यावर वाटेला लावणं मला जमणार नाही. शिवाय तुमच्याकडे नानाय म्हणजे आई, आणि आमच्या नगरकडे आईला कोणी अहो-जाहो करत नाही. म्हणून सरळ तू.

ज्यांच्यामार्फत मी फिलिपिन्सला, तू सांभाळतेस त्या मुलांच्या घरी सेवेसाठी आले, त्यांचं नाव घेत नाही. पैसे भरेपर्यंत त्यांचा माणूस दिवसातून तीनदा फोन करायचा. माहितीपत्रकावर ‘चोवीस तास मदत’ असं ठळक छापलेलं होतं. बुधवारी माझं अंग भट्टीसारखं तापलं तेव्हा त्या चोवीस तासांतल्या एका तासाला मी फोन लावला. उत्तर आलं, ‘होली वीक आहे, सोमवारी बघू.’ अरे, येशूसुद्धा रविवारी उठला, यांना सोमवार हवा होता! मुलांबरोबरचे फोटो अजून पाठवले नाहीत, याची आठवण मात्र गुरुवारी न चुकता आली. मी ते पाठवले नाहीत. मुलं काही फोटोसाठी तिथे राहत नाहीत. त्यांच्या कहाण्याही मी इथे लिहिणार नाही, त्या त्यांच्या आहेत.

‘सेवाच करायची तर इतक्या लांब कशाला, इथे कमी मुलं आहेत का?’ असं निघताना काकू म्हणाली होती. तिचा प्रश्न खोटा नव्हता. सेवा कोणी कोणाची केली, हा हिशेब मांडायला बसले तर माझ्या बाजूला फार काही निघत नाही.

तुझी बावीस मुलं मला पहिल्या दिवसापासून ‘आते’ म्हणायला लागली. तुमच्याकडे आते म्हणजे ताई. आमच्याकडे आते म्हणजे बापाची बहीण, म्हणजे हक्काने रागावणारी. तुम्ही आंघोळीला घेता त्या डबड्याला ‘ताबो’ म्हणता, तो मला आमच्या तांब्याचा चुलतभाऊ वाटला. आणि गुड फ्रायडेच्या सकाळी तू त्या मोठ्या पातेल्यात बिनिग्नित ढवळत होतीस, त्यात काय होतं? रताळी, साबुदाणा, केळी, फणसाचे गरे, नारळाचं दूध. अंथरुणातून वास घेऊन मला हसू आलं. आमच्या शेजारच्या कुलकर्णी काकूंचा उपवासही याच दोन खांबांवर उभा असतो, रताळं आणि साबुदाणा.

स्वयंपाकघरातल्या फळीवर तुझा सांतो निन्यो, बाळ येशू. आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्या देवळात मूर्ती नाही, त्यामुळे सुरुवातीला मी त्याच्याकडे पाहायचं टाळायचे. तुझ्या ते लक्षात आलं होतं. तुमच्याकडे ख्रिस्ती लोक कधीपासून, असं तू विचारलंस, तेव्हा मी जरा ताठ होऊन सांगितलं की अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं. तू कांदा चिरता चिरता म्हणालीस, आमच्याकडे इस्टरची पहिली मिस्सा लिमासावा बेटावर, ३१ मार्च १५२१. मग मॅगेलन सेबूला आला आणि असाच एक निन्यो त्याने इथल्या राणीला दिला. मग माझ्याकडे बघून, ‘यू, स्टिल बेबी.’

शुक्रवारी बारा वाजता रस्त्यावरच्या भोंग्यातून येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सुरू झाले. भाषा कळत नव्हती, पण क्रम पाठ होता. नगरला लहानपणापासून बारा ते तीन त्याच सात प्रवचनांना बाकावर चुळबुळत बसलेय मी. पाचव्याला, ‘मला तहान लागली आहे’ या उद्गाराला, आमचे पप्पा दरवर्षी हळूच खोकायचे. सेबूच्या त्या खाटेवर तापात मी गाणी मोजत मोजत पाचव्यापर्यंत आले आणि खोकल्याची वाट बघत राहिले. पप्पांना जाऊन तेव्हा सातच महिने झाले होते.

तीननंतरचे तुझे नियम घरभर ऐकू येत होते. पळायचं नाही. आंब्यावर चढायचं नाही, आज लागलं तर जखम भरत नाही. आणि आंघोळ अजिबात नाही. एकाने नुसते पाय ओले केले तर तू त्याला अंगणभर ऐकवलंस.

चारच्या सुमाराला माझा ताप उतरला. घामाने उशी भिजली होती, केसांची दोरी झाली होती, स्वतःचाच वास स्वतःला नकोसा झाला होता. मी काही मागितलं नाही. त्या घरात त्या दिवशी पाणी कोण मागणार? तू कपाळाला हात लावलास, केसांत बोटं घातलीस, ती तिथेच अडकली. तू उठून गेलीस. मग स्वयंपाकघराच्या दाराची कडी वाजली, आणि मागच्या बाजूने येऊन तू मला हाताला धरून नेलंस.

चुलीवर पाणी तापलं होतं. त्यात तू दोन कालामान्सी, तुमची ती इवली लिंबं, पिळलीस. मागच्या पायरीवर मला ओणवं बसवून ताबोने ते पाणी डोक्यावर सोडलंस, धार बारीक, आवाज होऊ नये म्हणून. मी फळीकडे बोट दाखवलं. पवित्र सप्ताहात सगळ्या मूर्तींसारखा तुझा निन्योही जांभळ्या कापडाखाली होता. तू मान हलवलीस आणि कुजबुजलीस, ‘कव्हर्ड. ही कॅनॉट सी.’

नानाय, माझ्यासाठी लोकांनी पैसे खर्च केलेत, रजा टाकल्यात. स्वतःचा नियम कोणी मोडला नव्हता. तुझा तर त्यावर विश्वासही होता, केस पुसताना तुझे हात थरथरत होते ते मला कळत होतं. जगात भली माणसं कुठे असतात असं कोणी विचारलं तर मी सांगेन, माहितीपत्रकात शोधू नका, चुलीपाशी बघा.

शनिवारी रात्री मी पडूनच होते. गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा एकदम वाजल्या आणि डोक्यावरच्या लाकडी तक्तपोशीवर धाडधाड सुरू झालं. ग्लोरिया या स्तुतिगीताच्या घंटेला उडी मारली की उंची वाढते म्हणे. खाटेवर धूळ पडत होती आणि मी तुझ्या बुटक्या पोरांसाठी मनातल्या मनात उड्या मोजत होते.

२० एप्रिलच्या, इस्टरच्या पहाटे चारला सुगात, येशू आणि मारियेच्या भेटीची मिरवणूक. मुलं पुरुषांबरोबर, उठलेल्या ख्रिस्तामागे. मी तुझ्याबरोबर बायकांत, काळा बुरखा पांघरलेल्या मारियेमागे. माझ्यासाठी तू एक प्लॅस्टिकचं स्टूल मिरवणूकभर काखोटीला मारून चालत होतीस. चौकात दोन्ही मूर्ती समोरासमोर आल्या, पंख लावलेल्या चिमुरडीने तो बुरखा उचलला, आणि सगळ्या बायकांबरोबर मीही रडले. सात महिन्यांत पहिल्यांदा.

घरी आल्यावर तू आधी फळीपाशी गेलीस. कापड काढून घडी घातलीस, पदराने पुसावं तसं एप्रनच्या टोकाने निन्योचा गाल पुसलास आणि बिसायात, तुमच्या भाषेत, त्याला काहीतरी सांगितलंस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. शेजारी पाव खात उभ्या असलेल्या पोराला मी विचारलं, नानाय काय म्हणाली?

तो म्हणाला, ‘पाणी मी तापवलं होतं, तिला काही म्हणू नकोस.’ मग तोंडातला घास तसाच ठेवून, ‘कसलं पाणी, आते?’

मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
नगरची आते