जर्मनीत कासेलला असलेल्या मनूस

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी चिडून फोन ठेवलास, म्हणून पत्र लिहितेय. यात जेवणाचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

जर्मन परीकथांवर लिहिलेलं तुझं प्रकरण वाचलं. बाबांनीही वाचलं, कबूल करणार नाहीत. घरात खायला नाही म्हणून हान्सेल-ग्रेटेल या भावंडांना रानात सोडायला लावणारी आई सावत्र, हेच मला ठाऊक होतं. १८१२च्या आवृत्तीत ती सख्खी होती आणि गोष्टी गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी विल्हेल्मनं १८४० साली तिला सावत्र केलं, हे वाचून चैन पडेना. पण मला ती बाई थोडी कळली गं. बाहेर महागाई, घरात शेवटची भाकरी. बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापतानाच फाटायची. धड भाकरी आम्हाला, तुकडे तिला. सुकडी मिळाली की मी फ्रॉकच्या खिशात भरून मामासाठी आणायचे. हान्सेलनं परतीची खूण म्हणून भाकरीचा चुरा वाटेवर टाकला, याचीच मला जास्त हळहळ वाटते!

आणि तो फ्रँकफुर्टचा डॉक्टर हॉफमन. तीन वर्षांच्या लेकासाठी मनासारखं पुस्तक मिळेना, म्हणून १८४४च्या नाताळात स्वतःच लिहून, चित्रं काढून दिलं. त्यातला कास्पर सूप नको म्हणतो आणि पाचव्या दिवशी मरतो. तू म्हणतेस, हा धाक आहे. असेलही. पण डॉक्टरनं न जेवणारी पोरं पाहिलीच असतील ना? फोटोत तुझी गळ्याची हाडं दिसतायत. नुसत्या कॉफीवर दिवसभर लायब्ररीत बसायचं, पोटात काही नसलं की माणूस चिडचिडं होतं, मग फोन आपटतं... बरं, पुरे. आलाच बघ विषय. रागावू नकोस.

तुला पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनला घातलं तेव्हा आत्या म्हणाली होती, परीकथांनी पोट भरतं का? परवा तिला डोरोथेया फीमानचं पान वाचून दाखवलं. शिंप्याची बायको, कासेलला भाजी विकायला यायची आणि ग्रिम बंधूंना गोष्टी सांगायची. लिहून घेता याव्यात म्हणून पुन्हा सावकाश, शब्दही न बदलता. आत्या म्हणाली, "अजून वाच." मी काही बोलले नाही, पण चहात तिला साखर जरा जास्तच घातली.

भाजणी पाठवतेय. तवा आहे ना तिथे?

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत, बाप मात्र सगळ्या आवृत्त्यांत सख्खाच आहे का?