आकड्याबाहेरचे मृत्यू

चक्रीवादळात आई-वडील गमावलेल्यांना समाजमाध्यमांवर मिळणारा धीर वरवरचा असतो, हे रविवार पुरवणीतील लेखाचे मत पटले नाही. सप्टेंबर २०१७च्या ‘मारिया’ वादळानंतर प्युर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील कॅरिबियन बेटाचे सरकार जवळपास वर्षभर मृतांचा आकडा ६४ सांगत राहिले. ऑगस्ट २०१८मध्ये तो २,९७५ झाला. अनेकांचा जीव वाऱ्यापावसाने नव्हे, तर पुढे कित्येक महिने वीज नसल्याने आणि उपचार तुटल्याने गेला. त्यांत वृद्ध अधिक. ऑक्सिजनचे यंत्र बंद पडून आई गेली, तरी सरकारी कागदावर ती वादळबळी ठरत नव्हती. ‘हो, वादळानेच नेले’ असे त्या मुलांना म्हणणारे समदुःखी ऑनलाइन भेटले (तेही नेटवर्क परतल्यावर!). शेजारीपाजारी तर स्वतःच अंधारात होते.

– एक वाचक, ठाणे